खोल समुद्रातला ऑक्टोपस घरबसल्या कसा ओळखावा

खोल समुद्रातल्या मोहिमांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट बघता येतं. कॅलिफोर्नियाकडे सकाळी नऊला कॅमेऱ्याचं माणूसविरहित यंत्र पाण्यात सोडलं की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात. जेवणं उरकून बसायला सोयीचं. मी ठाण्यात कोपरीला राहते. सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात, त्यात नाइट ड्युट्याच जास्त. निवृत्त झाले तरी झोप काही ताळ्यावर आलेली नाही.

तळ दिसला की आधी चिखल आहे की खडक ते बघा. अंडी घट्ट चिकटवावी लागतात, त्यामुळे अंड्यांवरची मादी उघड्या खडकावर शोधायची. हालचाल शोधायला जाल तर हमखास हुकेल. ती उलटी होऊन, हात दुमडून, चूषक म्हणजे हातांवरच्या चिकटणाऱ्या वाट्या बाहेर करून बसते. पहिल्या नजरेत फिकट गोळाच वाटतो. पडद्यावरच्या दोन लेझर ठिपक्यांत बहुतेकदा 10 सेंटिमीटर अंतर असतं, त्यावरून आकार ठरवा. डोळ्यांच्या वर कानासारखे पंख हलले तर तो डंबो जातीचा ऑक्टोपस. लोक त्याच्यावर लट्टू असतात, असोत बापडे. शाईची वाट बघू नका. खोलातल्या बहुतेकांना शाईची पिशवीच नसते. त्या काळोखात ती सोडून फसवणार कोणाला?

कॅमेरा जवळ गेला की अंड्यांत डोकवा. आत डोळ्यांचे काळे ठिपके दिसले तर दिवस भरत आले म्हणायचं. आणि मादीच्या अंगावरचे व्रण टिपून ठेवा. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रतळावरच्या मॉन्टेरेच्या घळीत सुमारे 1400 मीटरवरची एक मादी संशोधकांनी 2007 पासून व्रणांवरूनच ओळखली. 53 महिने ती अंड्यांवर होती! कातडी सैल पडली, डोळे धुरकट झाले. खेकड्याचे तुकडे पुढे केले तरी तोंड लावलं नाही. पाणी 3 अंशांचं, मग पिल्लं वाढणार कशी भराभर?

म्हणून तापमानाच्या आकड्यावर नजर ठेवा. कॅलिफोर्नियाजवळच्याच डेव्हिडसन या पाण्याखालच्या पर्वताजवळ 3200 मीटरवर आजूबाजूचं पाणी 1.6 अंश, पण खडकातून कोमट पाणी झिरपतं तिथे 10 च्या आसपास. तिथल्या माद्या दोन वर्षांच्या आत मोकळ्या होतात. पाणी थरथरताना दिसलं की तिथेच थांबा.

यंत्र वर यायला तासाहून जास्त लागतो. अधल्यामधल्या पाण्यात काचेसारखा पारदर्शक ऑक्टोपस दिसूही शकतो, पण मी तेवढ्यात चहा टाकून घेते.