बीव्हरच्या पद्धतीने ओढ्यावर पोत्यांचा बंधारा

बीव्हर आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिका, युरोप, आशियातल्या थंड मुलखातला. पण फांद्या-चिखलाचा त्याचा बांध पाणी पूर्ण अडवत नाही, थोडं झिरपू देतो. खानापूर तालुक्यात भातकापणीनंतर ओढ्याला हेच हवं.

पाच मीटर रुंदीच्या ओढ्यात एक मीटर उंचीला सिमेंटची रिकामी शंभर-सव्वाशे पोती लागतात. पोतं मातीने पाऊणच भरा. गच्च भरलं की गोल होतं, फटी राहतात. दाभणाने सुतळीची शिवण घाला. तळातली वाळू, पालापाचोळा काढून कठीण थर गाठा. खाली तीन पोत्यांची रुंदी, वर एक; सांधे विटांसारखे चुकवा. दोन्ही काठांत हातभर खाच खणून टोकं आत घुसवा. बहुतेक बंधारे फुटतात ते इथेच: पाणी कडेने वाट काढतं. वरच्या अंगाला चिकणमातीचा लेप द्या. मधला भाग वीतभर खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी तिथूनच जाईल. खालच्या अंगाला, पाणी पडतं तिथे, दगड पसरा, नाहीतर पाया उकरला जातो. खेकड्यांची बिळं आठवड्याला बघा. हे काम कंटाळवाणं, पण चुकवू नका.

बीव्हरच्या बांधामुळे शेत बुडू लागलं, तर तिकडे बांधातून पाइप घालतात आणि त्याचं तोंड वरच्या अंगाला दूरवर, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर तिथे बुजवायला धावतो. आपल्याकडे मे महिन्यात पोतीच काढून घ्यायची.