स्पीकर बदलण्याआधी खोली तपासा: या चुका टाळा

नवे स्पीकर घरी आणल्यावर खर्ज घुमतो, गाणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि झांजांचा आवाज कानाला टोचतो. अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर जातो, मग अँप्लिफायरवर आणि शेवटी केबलवर. खोलीकडे मात्र क्वचितच कोणी बघतं. वास्तविक राहत्या घरातल्या मध्यम आकाराच्या खोलीत साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) खाली जे ऐकू येतं, त्यावर स्पीकरइतकाच, बऱ्याचदा त्याहून जास्त, खोलीच्या मापांचा ताबा असतो.

खुर्ची भिंतीला चिकटवणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि तिच्यावरचा उपाय फुकट आहे.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोली ४ मीटर लांब असेल, तर ४३ हर्ट्झच्या लहरीची अर्धी तरंगलांबी त्या लांबीत बरोबर बसते. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून ही लहर जागच्या जागी उभी राहते. भिंतींजवळ तिचा दाब सर्वांत जास्त असतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. पुढे ८६, १२९ अशा पटींतही लहरी अशाच उभ्या राहतात, फक्त खोलीतल्या त्यांच्या शून्याच्या जागा बदलतात. रुंदी आणि उंचीचे असेच आणखी संच असतात. म्हणून पाठीमागे भिंत असलेल्या सोफ्यावर खर्ज फुगलेला ऐकू येतो, आणि अगदी मध्यावर बसलात तर सगळ्यांत खालचा सूर गायब होतो.

ओळखायचं कसं? डग्ग्यावर काढलेली मींड एका ठरावीक जागी अचानक फुगते, किंवा बेस गिटारचा एकच सूर बाकीच्यांना झाकून टाकतो. स्पीकरचाच दोष असेल तर तो खोलीत कुठेही बसलं तरी राहतो. दोन पावलं पुढे सरकल्यावर तो सूर निवळला, तर दोष खोलीचा. बसण्याची जागा मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. हा नियम नाही, शोध तिथून सुरू करायचा एवढंच. मग थोडं थोडं पुढेमागे सरकत ऐका.

लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या असलेली खोली सर्वांत त्रासदायक, कारण तिन्ही दिशांच्या लहरी एकाच सुरावर येऊन पडतात. ३ बाय ३ मीटरची खोली आणि ३ मीटर उंच छत असेल, तर ५७ हर्ट्झच्या आसपास घुमणार हे धरूनच चाला. अशा खोलीत मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर आणू नका. लहान बंद खोली अतिखर्ज स्वतःच उचलून धरते. चांगले छोटे स्पीकर तिथे पुरतात आणि बहुधा जास्त स्वच्छ वाजतात. मोठे आधीच घेतले असतील, तर त्यांच्या पोर्टमध्ये, म्हणजे खोक्याला असलेल्या गोल भोकात, फोमचं बूच बसवून बघा.

स्पीकरचं भिंतीपासूनचं अंतर अंदाजाने ठरवणं

स्पीकरमधून निघालेला खर्ज मागेही जातो आणि भिंतीवरून परत येतो. वूफर, म्हणजे स्पीकरमधला खर्ज वाजवणारा मोठा पडदा, भिंतीपासून ८० सेंटीमीटरवर असेल, तर १०७ हर्ट्झच्या आसपास परत आलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. आवाज पातळ, पोकळ वाटतो. उलट स्पीकर कोपऱ्यात सारला की खर्ज वाढतो, पण गढूळ होतो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन या तिन्हींपासून वूफरचं अंतर वेगवेगळं राहील एवढं नक्की पाहा. डावा आणि उजवा स्पीकर मात्र आपापल्या बाजूच्या भिंतीपासून सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर मधोमध उभा राहायला हवा तो गायक एका बाजूला कलतो.

खोलीभर पातळ फोम चिकटवणं

दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा फोम फक्त वरचे सूर शोषतो. १०० हर्ट्झच्या लहरीची पाव तरंगलांबीच ८६ सेंटीमीटर भरते. तिला तो फोम दिसतसुद्धा नाही. परिणाम असा की खर्ज होता तसाच घुमतो आणि वरची चमक तेवढी मरते. अंड्यांच्या ट्रेबद्दल बोलायलाच नको, त्यांचा उपयोग नाही.

आधी टाळी वाजवा. मागोमाग धातूसारखी झणझण ऐकू आली, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज टोलवला जातोय. त्यातल्या एका भिंतीवर पुस्तकांची मांडणी किंवा जाड पडदा पुरतो. मग स्वतः नेहमीच्या जागी बसा आणि कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) दिसेल, तिथून पहिलं परावर्तन येतं. १० सेंटीमीटर जाडीचं, कापडात मढवलेलं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) लावायचं ते तिथे. खर्जासाठी मात्र कोपऱ्यांत त्याहून बरीच जास्त जाडी लागते.

मोठ्या दिवाणखान्यात वॉटच्या मागे लागणं

अँप्लिफायर ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा घेतला तरी फरक ३ डेसिबलचा, म्हणजे आवाज थोडाच वाढतो. आवाज कमी पडत असेल तर खुर्ची स्पीकरच्या जवळ आणा.

खड्डा इक्वलायझरने भरायला जाणं

इक्वलायझर म्हणजे ठरावीक सुरांचा आवाज कमीजास्त करणारी सोय. एखादा सूर फुगला की आवाजाच्या आलेखात उंचवटा दिसतो, गायब झाला की खड्डा. उंचवटा इक्वलायझरने कापता येतो. खड्डा भरता येत नाही, कारण तो लहरी एकमेकींना खातात म्हणून पडलेला असतो. मूळ लहर वाढवली की परत येणारीही तेवढीच वाढते. वर १० डेसिबल चढवायला अँप्लिफायरला दहापट शक्ती लागते, ती वेगळीच. आधी मोजमाप करा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, सोबत एक मोजमापाचा मायक्रोफोन लागतो. २० ते २०० हर्ट्झचा आलेख काढा, खड्डा दिसला तर खुर्ची किंवा स्पीकर हलवून पुन्हा काढा. जागा ठरल्यावर उरलेले उंचवटे तेवढे कापा, आणि ३०० हर्ट्झच्या वर शक्यतो हात लावू नका. तिथे डोकं थोडं हललं तरी आलेख बदलतो, आणि एका जागेसाठी केलेली दुरुस्ती शेजारी बसलेल्याचा आवाज बिघडवते.