पुस्तकातून इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक कसं शिकावं

साइडचेन कॉम्प्रेशनचं, म्हणजे एक आवाज वाजला की दुसरा दाबण्याच्या तंत्राचं, प्रकरण मी तीनदा वाचलं होतं. तीनही वेळा समजलं असं वाटलं, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघाही मारल्या. चौथ्या वेळी लॅपटॉप उघडून करायला बसलो, तेव्हा पहिल्याच मिनिटाला लक्षात आलं की मला फक्त त्याची व्याख्या पाठ झाली होती. आवाज कुठे दबतो, किती वेळ दबून राहतो आणि कधी वर येतो, यातलं काहीच माझ्या कानाला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी दोन तास त्याच एका पानावर गेले. माझ्या मते मी प्रॉडक्शन, म्हणजे संगणकावर गाणं बांधणं, शिकायला लागलो तो त्या दिवशी.

त्यामुळे 'पुस्तक वाचून हे येतं का' असं कुणी विचारलं, तर मी 'येतं' असंच सांगतो. अट एवढीच की वाचलेलं पान त्याच बैठकीत वाजलं पाहिजे. व्हिडिओ बघून कुठे क्लिक करायचं ते पटकन कळतं, पण तिथेच का, हे चांगलं पुस्तक जास्त सावकाशीने आणि सलग सांगतं.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली आणि क्रमिक पुस्तकांतून बंदिशी स्वरलिपीत आणल्या, तेव्हापासून 'पुस्तकातून गाणं येतं का' यावर चर्चा चालू आहे. दरबारी रागात गंधार कोमल आहे हे स्वरलिपी सांगते. तो किती आंदोलित ठेवायचा, हे मात्र ऐकल्याशिवाय कळत नाही. तरीही त्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती सांगाडा दिला. डान्स म्युझिकची पुस्तकं नेमकं तेवढंच करतात, आणि सुरुवात करणाऱ्याला ते फार मोलाचं असतं.

पुस्तक निवडताना कॉम्प्रेशनचं पान उघडा

या विषयावर ढोबळमानाने तीन प्रकारची पुस्तकं मिळतात. एका प्रकारात एखादं सॉफ्टवेअर शिकवलेलं असतं. ती विकत घेऊ नका. नवी आवृत्ती आली की बटणं हलतात आणि पुस्तक जुनं होतं. शिवाय एबलटन लाइव्ह आणि एफएल स्टुडिओ या दोन्हींची माहितीपुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट वाचता येते.

दुसऱ्या प्रकारात ध्वनी, सिंथेसायझर आणि मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकमेकांत नीट बसवणं) यांचं मूळ समजावलेलं असतं. पैसे इथे घाला. छोट्या खोलीत मिक्सिंग करणाऱ्यांसाठी माइक सीनियर यांचं २०११ साली आलेलं पुस्तक या जातीचं आहे. तिसऱ्या प्रकारात हाउस, टेक्नो, ट्रान्स अशा शैलींची बांधणी उलगडून दाखवतात. रिक स्नोमन यांचं 'डान्स म्युझिक मॅन्युअल' २००४ पासून वेगवेगळ्या आवृत्त्यांत निघत आलं आहे. त्याची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घ्या. त्यात जुन्या यंत्रांबद्दलची काही पानं असतील, ती सोडून द्या. लहरी, फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा) आणि एन्व्हलप (आवाज कसा उगवतो आणि विरतो त्याचा आकार) कालबाह्य होत नाहीत.

दुकानात किंवा नमुना पानांत कॉम्प्रेशनचा भाग काढा. 'अटॅक इतका, रेशो इतका ठेवा' एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. अटॅक (आवाज दाबायला लागणारा वेळ) वाढवला की किकचा, म्हणजे ड्रमच्या सगळ्यात जाड ठोक्याचा, सुरुवातीचा भाग न दबता निसटतो आणि म्हणून ती जास्त ठसठशीत वाटते, असं कारण दिलेलं असेल तर ते पुस्तक घरी न्या.

ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत. इंग्रजी शब्द तसेच राहू द्या, पण शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ आपल्या मराठीत एका ओळीत लिहा. माझ्या वहीत 'रिलीज'पुढे लिहिलंय: 'पकडलेला आवाज सोडायला लागणारा वेळ'. अशी ओळ लिहिता आली नाही, तर ते पान अजून समजलेलं नाही असं धरा.

वाचायच्या आधी मांडणी करा

गाणं बांधायचं सॉफ्टवेअर उघडं ठेवा. हेडफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर बास जवळपास नसतोच. तुम्हाला मनापासून आवडणारी दोन गाणी त्याच प्रोजेक्टमध्ये आणून ठेवा आणि त्यांचा आवाज सहा ते दहा डेसिबलने खाली करा. तयार गाणं मास्टरिंग (शेवटचा आवाज-संस्कार) होऊन आलेलं असतं, त्यामुळे ते मोठं वाजतं. आणि जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. आवाज समान केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

पहिलं पान: सोळा खाने

जवळजवळ प्रत्येक पुस्तक इथून सुरू होतं, आणि ते बरोबरच आहे. टेम्पो १२४, म्हणजे मिनिटाला १२४ बीट, ठेवा. एका बारचे (चार बीटच्या आवर्तनाचे) सोळा खाने. किक १, ५, ९ आणि १३ वर. क्लॅप ५ आणि १३ वर. उघडी हॅट (झांजेचा लांब आवाज) ३, ७, ११, १५ वर. बंद हॅट (तिचाच आखूड आवाज) सोळाही खान्यांत, थोड्या हळू आवाजात.

आपल्यापैकी कुणी तबला शिकलं असेल तर त्याला हा आराखडा परका वाटणार नाही. तीनतालाच्याही सोळा मात्रा. टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. हाउसची किक नेमकी याच चार ठिकाणी पडते, आणि क्लॅप दुसऱ्या-तिसऱ्या टाळीवर. लय अर्थात वेगळी आहे, वजन वेगळं आहे. पण खालीच्या भागात बायाचा घुमारा काढून घेतल्यावर पुन्हा धा येण्याची जी ओढ लागते, तीच ओढ डान्स म्युझिकमध्ये ब्रेकडाउन (किक आणि बास काढून घेतलेला भाग) तयार करतो. तिथे फक्त तो काही मात्रांऐवजी आठ-सोळा बार चालतो. पुस्तकात ब्रेकडाउनचं प्रकरण येईल तेव्हा हे आठवा, ते प्रकरण एकदम सोपं होईल.

आता पुस्तक म्हणेल, 'थोडा स्विंग द्या.' इथे घाई करू नका. १२४ च्या टेम्पोला एक खाना सुमारे १२१ मिलीसेकंदांचा असतो. ५० टक्के म्हणजे सरळ चाल. ५६ टक्के स्विंग दिला की २, ४, ६ असे सम खान्यांतले ठोके चौदा-पंधरा मिलीसेकंद उशिरा पडतात. इतकासा फरक, आणि बंद हॅटचं वागणं बदलतं. स्विंग ५० वर ठेवून एक मिनिट ऐका, मग ५३, ५६, ६०, ६६. ६६ ला चाल थेट तिस्र, म्हणजे तीन-तीनच्या झोक्याची, होते. प्रत्येक ठिकाणी उठून पाय हलवून बघा. कुठल्या आकड्याला खांदे आपोआप हलायला लागतात, तो वहीत लिहा. काही सॉफ्टवेअरं स्विंगचे टक्के वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे पुस्तकातला आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका.

साइडचेन: एका पानाचे दोन तास

ज्या पानाने मला अडकवलं होतं, ते असं सोडवा. किक एका चॅनेलवर, लांबलेला बास दुसऱ्यावर. बासवर कॉम्प्रेसर लावा आणि त्याच्या साइडचेनच्या इनपुटमध्ये किक निवडा. आता किक वाजली की बास दबेल. रेशो (किती प्रमाणात दाबायचं) ४:१, अटॅक सगळ्यात जलद. किकच्या वेळी बास सहा-आठ डेसिबल खाली जाईपर्यंत थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) उतरवा.

पुढचं सगळं काम एकट्या रिलीजचं. तो ५० मिलीसेकंदांवर ठेवा. किकची शेपूट अजून घुमत असतानाच बास परत येतो आणि खालचा भाग गढूळ होतो. मग ४०० वर न्या. १२४ च्या टेम्पोला एक बीट ४८४ मिलीसेकंदांची असते, म्हणजे बास पुरता वर येईपर्यंत पुढची किक दारात उभी. बास दमल्यासारखा वाटतो. या दोन टोकांच्या मध्ये हळूहळू सरकत जा. एका जागी बास दोन किकच्या बरोबर मध्ये फुगून वर येतो आणि गाणं श्वास घ्यायला लागतं. ती जागा बहुतेक वेळा १५० ते २५० च्या आसपास सापडते, पण किक किती लांब आहे आणि टेम्पो किती आहे यावर ती सरकते.

हे केल्यावर पुस्तकातला आकडा खोडा आणि समासात तुमचा लिहा, सोबत टेम्पो आणि किकचं नाव. पुस्तकात लिहायला जीव धजत नसेल तर चिकटचिठ्ठी लावा. माझ्या पुस्तकाचं ते पान आता आकड्यांनी भरलंय आणि मी अजूनही तिथे परत जातो.

खोलीचं काय, ते पुस्तकाला माहीत नाही

पुस्तक लिहिणाऱ्याने तुमची खोली पाहिलेली नसते. आपल्याकडे अनेकांची खोली दहा बाय दहाची. ५५ हर्ट्झचा सूर, म्हणजे खालच्या सप्तकातला ए, त्याची हवेतली लांबी सहा मीटरच्या वर असते. दहा फुटांची भिंत-ते-भिंत त्याच्या जवळपास निम्मी. त्यामुळे अशा खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा आवाज भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांनी. किक आणि बास नेमके याच पट्ट्यात राहतात.

खात्री करून घ्या. पाच इंची किंवा मोठा वूफर असलेल्या स्पीकरवर ५५ हर्ट्झची साधी साइन लहर हळू आवाजात लावा आणि खोलीत चाला. कोपऱ्यात गेल्यावर ती छातीत जाणवेल. खोलीच्या मधोमध उभे राहा, ती बरीचशी नाहीशी होईल. तुमची खुर्ची मधोमध असेल तर तुम्ही बास वाढवत राहाल आणि बाहेर कुठेही गाणं लावलं की ते नुसतं बुमबुम करेल. खुर्ची पुढे-मागे सरकवून बघा, आणि खालच्या भागाचा निर्णय हेडफोनवर तपासल्याशिवाय पक्का करू नका. मिक्सिंगचं प्रकरण वाचायच्या आधी हा प्रयोग करा, नाहीतर त्यातले सल्ले पाळूनही मिक्स फसेल आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल.

गाण्याचा नकाशा

मांडणीच्या प्रकरणात रंगीत पट्ट्यांची आकृती असते. ती अनेक गाण्यांवरून काढलेली सरासरी आहे. ती पाहून घ्या आणि मग तुमच्या आवडत्या गाण्यावर दर आठ बारला खूण करा. काय आलं, काय गेलं, एवढंच लिहा. १२४ ला ३२ बार म्हणजे सुमारे ६२ सेकंद, आणि क्लबसाठी केलेल्या गाण्यांत सुरुवातीचा बराच वेळ नुसता ताल का असतो हे इथे कळतं: डीजेला दोन गाणी एकमेकांत मिसळायला तेवढी जागा लागते. त्याच खुणांवर तुमचे आवाज रचा.

प्रत्येक प्रकरणानंतर दहा मिनिटं चुकीचं वाजवा

रोलंडने टीबी-३०३ हे यंत्र गिटारवाल्यांना सोबत करणारा बास म्हणून काढलं होतं. त्या कामात ते फारसं चाललं नाही. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याचे फिल्टरचे नॉब गाणं चालू असताना फिरवले आणि १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं. यंत्र खऱ्या बाससारखं वाजावं या मूळ हेतूशी त्या आवाजाचा काही संबंध नव्हता.

त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच ३०३ आणि सोबत टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वाजवलेला माणूस. डान्स म्युझिकच्या कुठल्याही पुस्तकात तेव्हा हे सापडलं नसतं. राग त्यांच्या बोटांत होते आणि यंत्र समोर होतं. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चकित झाले. ती ऐकाच. मुंबईत बसून हे झालं याचा मला आजही फार अभिमान वाटतो.

म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि त्यात शिकवलेला एकच नॉब जिथे नेऊ नका असं सांगितलंय तिथे न्या. रेझोनन्स (फिल्टरची धार) शिट्टी मारेपर्यंत वाढवा. रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा) किकवर टाका. साइडचेन बासऐवजी तानपुऱ्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर लावा. दहातले नऊ आवाज टाकून द्यावे लागतील. दहावा जपून ठेवा.

पान उलटायची अट

आठ बारचा तुकडा एक्सपोर्ट झाल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडू नका. फाइलला पानाचा क्रमांक द्या: 'पान ११२ साइडचेन'. रात्री केलेलं रात्री ऐकू नका, कान थकलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर, हेडफोन लावून ऐका, बसमध्ये असाल तर बसमध्ये. मग नाचायला आवडणाऱ्या एखाद्या मित्राला ऐकवा, त्याला काहीच न सांगता. त्याचं मत विचारू नका, मान हलतेय का ते बघा. हलली नाही, तर संध्याकाळी पुन्हा पान ११२.