बटण दाबल्या दाबल्या आवाज हवा, तर डिकोडरची टेबलं कुठं ठेवायची

ऐरोलीला घरी बाबांसाठी एक बोलणारा डबा बनवलाय, त्यांना आता नीट दिसत नाही म्हणून, बटण दाबलं की माझ्या आवाजात सांगतो "रात्रीची बीपीची गोळी, जेवण झाल्यावर". आत ईएसपी३२ बोर्ड (छोट्या कंट्रोलर चिपचा) आहे, बॅटरीवर चालतो म्हणून एरवी डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास सगळं बंद करून, झोपलेला असतो. आवाज एमपी३ फाइलींत आहे, त्या उलगडून आवाज काढणारा कोड म्हणजे डिकोडर. सुरुवातीला आवाज यायला उशीर व्हायचा, बाबांना वाटायचं बटण लागलंच नाही, मग ते परत दाबायचे. ते बघवत नव्हतं.

तर आधी मोजा. डिकोडर इनिटच्या (सुरू होतानाच्या तयारीच्या) आधी आणि नंतर टायमर वाचून फरक प्रिंट करा, अंदाजावर जाऊ नका. माझा सगळा वेळ एका टेबलात, म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांच्या यादीत, जात होता. एमपी३ डिकोड करताना प्रत्येक आकड्याचा ४/३ घात लागतो, आकडे ० ते ८२०६, म्हणजे ८२०७ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, जवळपास ३२ केबी. हे टेबल पॉव (घात काढणारं) फंक्शन वापरून दर वेळी नव्यानं बनत होतं, आणि ईएसपी३२ चं हार्डवेअर दशांशाचं गणित फक्त सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिट) करतं, डबलचं (६४ बिट) गणित सॉफ्टवेअरमध्ये होतं म्हणून हळू. वर डीप स्लीपमध्ये मुख्य रॅम जाते, म्हणजे प्रत्येक बटणाला तीच मेहनत पहिल्यापासून.

उपाय असा की लॅपटॉपवर छोट्या पायथन स्क्रिप्टनं टेबल एकदाच काढायचं आणि सी फाइलमध्ये अॅरे म्हणून टाकायचं. फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ३२ केबी जातात पण तिथं सहसा ४ एमबी असते, रॅम मात्र सगळी मिळून ५२० केबी, त्यातलीही बरीच आधीच वापरात. इथं एक गोष्ट अजिबात विसरू नका, अॅरेला कॉन्स्ट (म्हणजे 'हे बदलणार नाही') लावा! नाही लावलं तर टेबल फ्लॅशमध्येही बसतं आणि बूट होताना रॅममध्येही कॉपी होतं, दोन्हीकडून नुकसान. बिल्ड झाल्यावर साइज कमांड चालवून डेटा आणि बीएसएस (रॅम घेणारे भाग) यांचे आकडे बघा, लगेच कळतं.

फ्लॅशही कमी असेल तर टेबल छोटं करा. ८ पट आकड्याचा ४/३ घात म्हणजे मूळ उत्तराच्या बरोबर १६ पट, त्यामुळे १०२४ च्या आसपासपर्यंतचंच टेबल ठेवायचं, मोठा आकडा आला की ८ नं भागायचं, मधली किंमत शेजारच्या दोन नोंदींवरून काढायची आणि १६ नं गुणायचं. ४ केबीत भागतं. थोडी चूक राहते, म्हणून पूर्ण टेबलवाल्या आउटपुटशी ताडून बघा. बोलण्याच्या आवाजात मोठे आकडे फार कमी वेळा येतात, त्यामुळे जास्तीचा हिशोब जाणवत नाही. साइन विंडो (आवाजाचे तुकडे सांधायला लागणारं दुसरं टेबल) दोन्ही बाजूंनी सारखी असते, ती अर्धीच ठेवा.

कॉम्प्युटरवर गणित वेगळं आहे. एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओचं सॉफ्टवेअर) बिल्डसाठी कॉन्फिगर करताना हार्डकोडेड टेबल्सचा, म्हणजे टेबलं आधीच प्रोग्रामात भरून ठेवायचा, पर्याय मिळतो, बायनरी मोठी होते पण कॉन्स्ट टेबल सगळ्या प्रोसेस (त्याच प्रोग्रामच्या चालू प्रती) मिळून एकच वापरतात, रनटाइमला बनवलेलं मात्र प्रत्येकीचं आपापलं. एकच प्रोसेस तासन् तास चालणार असेल तर मी याच्या मागे लागणार नाही. शेकडो छोट्या फाइलींसाठी दर वेळी नवी प्रोसेस उघडत असाल तर नक्की करून बघा, आणि आधी-नंतरचा वेळ लिहून ठेवा.

बाबांच्या डब्यात मी पूर्ण ३२ केबीचं टेबलच ठेवलं, जागा होती. आता ते बटण एकदाच दाबतात.