घर खरं, मालक खोटा: सुट्टीचा बंगला बुक करताना या चुका टाळा

३१ डिसेंबरला दुपारी चार वाजता माझ्या धाकट्या मेव्हण्याची गाडी अलिबागजवळच्या नागावला एका बंगल्याच्या फाटकाशी उभी होती. गाडीत बायको, दोन मुलं आणि सासूबाई, डिकीत कोळशाची शेगडी आणि मॅरिनेट केलेलं चिकन. फोटोत होती तशीच जांभ्याची भिंत, तोच झोपाळा, तीच माडाची रांग. आतून आलेल्या राखणदाराने मोबाइलवरचं बुकिंग पाहिलं आणि म्हणाला, "दादा, सकाळपासून तुम्ही तिसरे." आत मालकाचेच पाहुणे उतरले होते. मालकाने हा बंगला कधी कुणाला भाड्याने दिलाच नव्हता.

गेले एकूण १८ हजार. मेव्हणा बँकेत नोकरीला आहे हे सांगायला नको, पण सांगतो, कारण "आम्ही नाही असे फसत" म्हणणाऱ्यांना तेवढं पुरे.

आपल्याला वाटतं, फसवणूक म्हणजे नसलेलं घर विकणं. तसं करायची गरजच नसते. घर खरं असतं, पत्ता खरा असतो, नकाशावर टिंब बरोबर जागी असतं. खोटा असतो तो फक्त पैसे घेणारा. आपण मात्र समुद्र किती लांब आहे, स्विमिंग पूल किती खोल आहे, एसी किती खोल्यांत आहे हे सगळं विचारतो आणि पैसे कुणाच्या खात्यात चाललेत ते बघत नाही.

चूक: पिन टाकताना वरचं नाव न वाचणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून आधी. ३० जून २०२५ पासून यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. त्याने व्हॉट्सॲपवर लावलेलं किंवा तुम्ही सेव्ह केलेलं नाव नाही, खात्यावरचं नाव. एनईएफटी, आरटीजीएसने पाठवायचे असतील तर तिथेही १ एप्रिल २०२५ पासून खातेदाराचं नाव आधी पाहता येतं. मेव्हण्याशी बोलणारा स्वतःला 'पाटील, नागाव' म्हणवत होता. स्क्रीनवर आलेलं नाव पाटील नव्हतं, त्याच्या आसपासचंही नव्हतं. मेव्हण्याने ते वाचलंही होतं. "असेल अकाउंटंट," असं त्याने स्वतःच स्वतःला समजावलं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. कोकणातल्या साध्या घरगुती निवासात ॲडव्हान्स खरोखरच मुलाच्या नाहीतर सुनेच्या नंबरवर घेतात. नाव वेगळं म्हणून लगेच चोर ठरवू नका. पण पिन टाकायच्या आधी थांबून विचारा, "हे कोण?" खरा मालक एका वाक्यात सांगतो. खोट्याला इतक्यात दुसरं गिऱ्हाईक लाइनवर आलेलं असतं आणि "फक्त दहा मिनिटं होल्ड करतो" हे सुरू होतं.

चूक: "एंट्री झाली नाही, परत पाठवा" ऐकून परत पाठवणं

मेव्हण्याचे पैसे एकदम गेले नाहीत. १२ डिसेंबरला ९ हजार गेले. दोन दिवसांनी फोन आला: सिस्टिममध्ये बुकिंग कन्फर्म होत नाहीये, अजून ५ हजार टाका, चेक-इनला वजा होतील. ३१ तारखेला सकाळी, गाडी वडखळच्या ट्रॅफिकमध्ये असताना, "परत मिळणारं डिपॉझिट" म्हणून ४ हजार.

याचा आणखी खमंग प्रकारही आहे. तुम्ही १० हजार पाठवले की सांगतात, १० हजार नाही, ९,९९९ पाठवायचे होते. आधीचे आपोआप रिटर्न येतील, आता बरोबर आकडा टाका. माणूस दुसऱ्यांदा पाठवतो तो मूर्ख असतो म्हणून नाही. पहिले पैसे वाचवायच्या धडपडीत पाठवतो. खात्यात जमा झालेली रक्कम आकडा चुकला म्हणून आपोआप परत यावी अशी कुठलीही सिस्टिम नाही. 'रिफंडेबल जीएसटी' हा शब्द ऐकलात तर फोन ठेवा. पाहुण्याला खोलीवरचा जीएसटी कुणी परत देत नसतं.

जीएसटीवरून आठवलं. कुणी झोकदार बिल पाठवलं तर त्यावरचा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहा, अर्धं मिनिट लागतं. नंबर १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते, गोव्यातली ३० ने. अलिबागचा बंगला आणि नंबर भलत्याच राज्याचा, किंवा पोर्टलवर निघालेलं नाव कुठल्या तरी हार्डवेअरच्या दुकानाचं, म्हणजे काय ते समजा. मात्र वर्षाला २० लाखांच्या आतला धंदा असलेल्या छोट्या मालकाकडे हा नंबर नसू शकतो. तो नसणं हा गुन्हा नाही, खोटा असणं हा आहे.

चूक: फोटोंवरून खात्री करणं

"गूगल लेन्सवर फोटो टाका, दुसरीकडे सापडला तर खोटा" हा सल्ला सगळीकडे फिरतो. आपल्याकडे तो अर्धाच उपयोगी. लोणावळा-अलिबागकडे एकच बंगला अनेक ब्रोकरांकडे असतो. प्रत्येक जण आपलं कमिशन चढवून तेच फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, त्यामुळे खऱ्या बंगल्याचे फोटोही वेगवेगळ्या नावांनी सापडतात. फोटो थायलंडच्या रिसॉर्टचा निघाला तर विषय संपला, एवढाच त्याचा फायदा.

त्यापेक्षा व्हिडिओ कॉल मागा, तोही लाइव्ह. आधी काढलेला व्हिडिओ चालणार नाही. कॉलवर मनात येईल ते सांगा: "झोपाळ्यापासून फाटकापर्यंत चालत जा", "नळ सोडून दाखवा". "इथे रेंज नाही" हे उत्तर येईल, आणि कोकणात ते खरंही असू शकतं. मग नकाशावर त्या घराशेजारची खानावळ किंवा किराणा दुकान शोधा आणि तिथे फोन लावा: "काका, तुमच्या शेजारचा तो झोपाळ्याचा बंगला भाड्याने देतात का हो?" मेव्हण्याने हा एक फोन केला असता तर त्याचं चिकन घरच्या गच्चीवर भाजलं गेलं असतं.

बोलणाऱ्याचीही परीक्षा घ्या. मांडवा जेट्टीवरून यायला रिक्षा किती घेते? अलिबाग एसटी स्टँडवरून कुठली गाडी? जेवण कोण करून देतं, मासे कुठून आणता? तिथे राहणारा माणूस या प्रश्नांवर खुलतो, नको इतकं बोलतो. दुसरीकडे कुठेतरी बसलेला "सर, सब अरेंज हो जायेगा" म्हणतो.

चूक: गूगलवर पहिला दिसला तो नंबर लावणं

शोधात सगळ्यात वर येतं ते अनेकदा पैसे देऊन लावलेलं असतं. त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. नकाशावरच्या फोन नंबरात बदल सुचवण्याची सोयही कुणालाही उपलब्ध आहे. गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर, माथेरान अशा ठिकाणची एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची, रिसॉर्ट हवी असतील तर महामंडळाच्या संकेतस्थळावरूनच जा. देवस्थानांच्या भक्तनिवासाचंही तेच. तिथे वयस्कर माणसं जास्त फसतात, कारण देवाच्या नावावर कुणी लुबाडेल हे त्यांच्या मनातच येत नाही.

गोव्यात पर्यटकांना जागा देणाऱ्याला १९८२च्या कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागा.

एअरबीएनबीसारख्या ॲपवर घर पाहिलं असेल तर पैसेही तिथेच द्या. तिथे चेक-इनच्या ठरलेल्या वेळेनंतर साधारण २४ तासांनी यजमानाला पैसे सुटतात, म्हणून फाटक बंद मिळालं तर भांडायला जागा उरते. "ॲपबाहेर दिलेत तर दोन हजार कमी" म्हणणारा तुमच्याकडून ती जागाच विकत घेत असतो.

पैसे गेलेच असतील तर

समोरच्याला शिव्या घालण्यात वेळ घालवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक लावा. हाताशी यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक (यूटीआर), रक्कम, तारीख-वेळ ठेवा. मग आपल्या बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार नोंदवा. घाई याच्यासाठी, की पैसे दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून पुढे पुढे सरकत जातात. जिथे पोहोचले असतील तिथे गोठवता आले तरच हाती लागतात. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. "घटना अलिबागची, तक्रार तिकडेच करा" असं कुणी म्हणालं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली फिर्याद, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा.

यानंतर आठवडाभरात दुसरा फोन येतो. "तुमचे पैसे रिकव्हर झालेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका", किंवा "स्क्रीन शेअर करा, मी करून देतो." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवणं बंद झालं. क्यूआर आणि स्क्रीन शेअरिंगच्या वाटा मात्र उघड्या आहेत.

मेव्हण्याने फाटकाशी उभं राहूनच १९३० लावला होता. १२ आणि १४ डिसेंबरचे पैसे केव्हाच काढून घेतले गेले होते. सकाळी वडखळहून पाठवलेले ४ हजार मात्र एका खात्यात अडकलेले सापडले. ते सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागला.