कोर्टाच्या निकालाचा दाखला देताना या चुका टाळा

राज्यघटनेचा अनुच्छेद २१ वाचला की जगण्याचा हक्क कळला, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात एवढंच म्हटलंय की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. १९५० साली गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ अगदी तोकडा लावला : कायदा रीतसर झालेला आहे ना, मग झालं. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टचं प्रकरण आलं आणि ती पद्धत न्याय्य व वाजवीही असली पाहिजे असं ठरलं. मजकुरात अक्षराचाही बदल नाही. तेव्हा नुसतं कलम सांगून वाद जिंकता येत नाही.

दुसरी चूक, मोडीत निघालेला निकाल पुढे करणं. आणीबाणीतला १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल (तेव्हा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही, असं सांगणारा) २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने, म्हणजे खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या निकालाने, अधिकृतपणे रद्द ठरवला. त्या वेळी नऊ न्यायाधीश का बसले? कारण खासगीपणाच्या विरोधात जाणारा १९५४ चा निकाल आठ जणांचा होता. लहान पीठ (म्हणजे एकत्र बसून निकाल देणारे न्यायाधीश) मोठ्या पीठाचा निर्णय फिरवू शकत नाही, म्हणून तारखेसोबत पीठाचा आकडाही बघा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओल्गा टेलिस निकालाबाबत. ‘उपजीविका हा मूलभूत हक्क आहे, त्यामुळे फूटपाथवरची झोपडी हटवता येत नाही,’ असं बिनधास्त सांगितलं जातं. यातलं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं साफ चूक! १९८५ मध्ये पाच न्यायाधीशांनी उपजीविका जगण्याच्या हक्कात धरली, पण मुंबई महापालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकारही वैध ठरवला. फूटपाथवरच्यांना मिळालं काय, तर पावसाळा संपून ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत. १९७६ च्या गणतीत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं, तेही हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. निकालाचं शेवटचं पान, म्हणजे प्रत्यक्ष आदेश, वाचल्याशिवाय दाखला देऊ नये तो यासाठीच.

मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत राहिलेला नाही. तो अनुच्छेद ३००अ मध्ये आहे. अनुच्छेद ३२ हा मूलभूत हक्कांसाठीच आहे, म्हणून त्याखाली थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालय गाठू नका, २२६ खाली उच्च न्यायालयात जा.

आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम ६६अ? ते २०१५ मध्येच श्रेया सिंघल निकालाने रद्दबातल झालं, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते, यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आश्चर्य व्यक्त केलं. पोस्टवरून गुन्हा दाखल झाला असेल तर एफआयआरची प्रत घ्या आणि आधी कलमं तपासा.