ऑर्ग-मोडमध्ये नोंदी एकमेकींना जोडताना या चुका टाळा

ऑर्ग-मोड म्हणजे ईमॅक्स या एडिटरमधली नोंदी ठेवायची सोय. तिथे दुसऱ्या नोंदीकडे नेणाऱ्या दुव्यावर क्लिक केलं आणि ईमॅक्सने विचारलं, की असा मथळा सापडत नाही, नवा तयार करू का? घाईत 'हो' म्हटलं की फाइलच्या शेवटी त्याच नावाची एक रिकामी नोंद तयार होते आणि खरी नोंद वर कुठेतरी नव्या नावाने तशीच पडून राहते. माझ्या एका फाइलमध्ये अशा सहा-सात रिकाम्या नोंदी साठल्या, तेव्हा कुठे चूक लक्षात आली. मी 'पहिला खर्डा' हे नाव बदलून 'दुसरा खर्डा' केलं होतं आणि सगळे दुवे जुन्या नावालाच चिकटलेले होते.

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक: मथळ्याच्या नावाला दुवा देणं. मूळ सेटिंगमध्ये ऑर्ग दुवा साठवताना मथळ्याचाच मजकूर घेतो. ऑर्ग-आयडी हे मॉड्यूल ऑर्गसोबतच येतं, फक्त ते लोड करून दुवा साठवताना आयडी तयार करण्याचा पर्याय चालू करावा लागतो. मग दुवा दिलेल्या प्रत्येक नोंदीला ३६ अक्षरांची ओळख, म्हणजे आयडी, मिळते. मथळा बदला, नोंद दुसऱ्या फाइलमध्ये हलवा, दुवा टिकतो. कोणतंही जोड-पॅकेज बसवण्याआधी एवढं कराच.

आयडी आहे, तरी दुवा चालत नाही? प्रॉपर्टीज ड्रॉवर, म्हणजे आयडीसारखी माहिती ठेवणारा नोंदीतला भाग, कुठे आहे ते बघा. तो मथळ्याच्या लगेच खालच्या ओळीवर हवा. शेड्यूल्ड किंवा डेडलाइनची ओळ असेल तर तिच्या खाली. मध्ये एक रिकामी ओळ किंवा एखादं वाक्य शिरलं, तरी ऑर्ग त्याला प्रॉपर्टीज मानत नाही. डोळ्यांना सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून ही चूक शोधताना अख्खी संध्याकाळ जाते.

नोंद कॉपी-पेस्ट केली की आयडीही कॉपी होतो. मग एकाच ओळखीच्या दोन नोंदी आणि दुवा भलतीकडे. कॉपीतला आयडी तिथल्या तिथे पुसा.

नव्या कॉम्प्युटरवर सगळेच दुवे 'सापडत नाही' म्हणाले तर घाबरू नका, नोंदी शाबूत आहेत. कोणता आयडी कोणत्या फाइलमध्ये आहे याची यादी ऑर्ग वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि ती ईमॅक्सच्या सेटिंग फोल्डरमध्ये असते, नोंदींसोबत येत नाही. 'ऑर्ग-आयडी-अपडेट-आयडी-लोकेशन्स' ही कमांड यादी पुन्हा बांधते. पण ती अजेंड्यातल्या (कामांच्या यादीसाठी ऑर्गला नेमून दिलेल्या) आणि आधी माहीत असलेल्या फाइलीच चाळते, त्यामुळे बाकीच्या फाइली तिला दाखवून द्याव्या लागतात. ऑर्ग-रोम हे नोंदी जोडणारं जोड-पॅकेज वापरत असाल तर त्याचं फोल्डर चाळणारी त्याची स्वतःची कमांड आहे.

ऑर्ग-रोमबद्दल बहुतेक तक्रारी एकाच प्रकारच्या असतात: 'बॅकलिंक दिसत नाही.' बॅकलिंक म्हणजे या नोंदीकडे कोणत्या नोंदींतून दुवे येतात ते. दुसऱ्या आवृत्तीपासून ऑर्ग-रोम आयडीचेच दुवे मोजतं. फाइलच्या नावाने दिलेला दुवा उघडतो, पण बॅकलिंकमध्ये येत नाही. नोंद ऑर्ग-रोमच्या फोल्डरबाहेर असेल तरी तेच. अर्काइव्ह केलेल्या, म्हणजे वेगळ्या फाइलीत हलवून ठेवलेल्या, नोंदीही यादीतून गायब होतात, कारण त्या फाइलीचं एक्स्टेन्शन बदलतं. हे सगळं तपासूनही काही दिसत नसेल, तरच ऑर्ग-रोमचा नोंदी-दुव्यांचा डेटाबेस नव्याने सिंक करा. लोक नेमकं उलट करतात, आधी डेटाबेस उडवतात.

ऑर्ग-सुपर-लिंक्स या दुसऱ्या जोड-पॅकेजची तऱ्हा वेगळी. ते उलटा दुवा दुसऱ्या नोंदीत प्रत्यक्ष लिहून ठेवतं. म्हणून दुवा हाताने खोडला तर पलीकडचा तसाच उरतो. काढायचा तर त्याच्याच कमांडने काढा. आणि कृपा करून हे आणि ऑर्ग-रोम एकाच फोल्डरवर चालवू नका. सुपर-लिंक्सने लिहिलेला उलटा दुवा ऑर्ग-रोमला खरा दुवा वाटतो, मग प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी दिसते आणि कोणी कोणाचा संदर्भ दिला होता तेच कळेनासं होतं. साध्या, इतर कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येतील अशा नोंदी हव्या असतील तर सुपर-लिंक्स. शेकडो नोंदींतून शोधत फिरायचं असेल तर ऑर्ग-रोम.

एक्स्पोर्ट करताना (नोंदी पीडीएफ किंवा वेबपानात बदलताना) तुटका दुवा आढळला की ऑर्ग काम तिथेच थांबवतो. तुटके दुवे दुर्लक्षित करायची सोय आहे, पण ती वापरण्याआधी 'ऑर्ग-लिंट' हे चुका शोधणारं साधन चालवा. कोणत्या ओळीवर काय तुटलंय हे ते क्रमांकासह सांगतं.